पुण्यात सामाजिक चळवळीत उतरायचंय? पहिल्या बैठकीपासून पहिल्या निवेदनापर्यंत आणि त्यापुढे

बालगंधर्व चौकात झाशीच्या राणीच्या पुतळ्यापाशी फलक घेऊन उभी राहिलेली वीस-पंचवीस माणसं पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असतात. सिग्नल सुटेपर्यंत आपण फलक वाचतो, मजकूर पटतोही, आणि हिरवा दिवा लागला की गाडी पुढे काढतो. ‘आपणही यात असायला हवं’ असं कित्येकांच्या मनात येऊन जातं. पण कुणाला विचारायचं, नोकरी-कॉलेज सांभाळून जमेल का, पोलिसांचं झंझट मागे लागेल का, हे ठाऊक नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. या कामात हुशारी, वक्तृत्व, ओळखीपाळखी या सगळ्यांपेक्षा सातत्य मोठं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाला. त्यानंतर कित्येक वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. कॅमेरे असोत नसोत, पाऊस असो नसो. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना निर्दोष सोडलं, आणि सूत्रधार कोण हा प्रश्न तसाच राहिला. दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले, तो त्यांच्या पश्चात २०१३ मध्येच झाला. या कामाचं वेळापत्रक असं असतं. ते मनाशी धरूनच उतरलेलं बरं.

एकच प्रश्न धरा

सुरुवातीला सगळंच खुणावतं. नदी, टेकडी, जातीय अत्याचार, कंत्राटी कामगार, झोपडपट्टी, स्त्रियांवरची हिंसा, धार्मिक तेढ. पाच ठिकाणी नाव घातलं की सहा महिन्यांत पाचही सुटतात. त्यापेक्षा स्वतःला विचारा, कोणत्या प्रश्नाची बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो? आणि त्यातला कोणता प्रश्न माझ्या घरापासून, कामाच्या जागेपासून पायी किंवा एका बसच्या अंतरावर आहे? जिथे ही दोन उत्तरं जुळतील तिथून सुरुवात करा.

खराडीत किंवा हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला वाटतं की वस्तीतल्या प्रश्नांशी आपला संबंध नाही. त्याच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या, पहाऱ्यावर उभ्या असणाऱ्या माणसांना किमान वेतन मिळतं का, भविष्यनिर्वाह निधी खरंच भरला जातो का, आठवड्याची सुट्टी आहे का, हे विचारायला त्याला कुठेही जावं लागत नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी कचऱ्यापासून सुरुवात करावी. ओला-सुका वेगळा ठेवणं ही स्वच्छतेची बाब आहेच, त्याहून अधिक ती दुसऱ्याच्या हातांची बाब आहे. वापरलेला सॅनिटरी नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला तो उघडून पाहावा लागत नाही. ही कचरा वेचणाऱ्यांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सांगितलेली साधी रीत आहे. तुमच्या सोसायटीतल्या चाळीस घरांना ती पाळायला लावणं, हे पहिल्या महिन्याचं काम म्हणून अजिबात लहान नाही. चाळीस दारं वाजवली की लोकांशी बोलायचं कसं, हे त्यातच कळतं.

या शहरात आधीपासून काय चालू आहे

नवी संस्था काढण्याचा मोह आवरा, कारण पुण्यात बहुतेक प्रश्नांवर कुणी ना कुणी आधीच काम करत असतं. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला तो इथेच. हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० मध्ये इथेच सुरू केलं. डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसालाही भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि ठरलेला दर मिळावा, हा विचार पुढे १९६९ च्या माथाडी कायद्यात आला. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली आणि त्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. शहरातल्या घरकामगार स्त्रियांनी १९८० मध्ये पगारवाढ आणि रजेसाठी संप केला होता. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ मध्ये.

नव्या माणसाने या संघटनांचा इतिहास वाचला नाही तर तो पहिल्याच बैठकीत ‘तुम्ही लोक संघटित का होत नाही?’ असं विचारून बसतो. समोर बसलेली बाई तीस वर्षं संघटनेची सभासद असते.

प्रत्यक्ष जायचं कुठे? पर्वतीच्या पायथ्याशी साने गुरुजी स्मारकात राष्ट्र सेवा दलाचं केंद्र आहे, तिथे शिबिरं आणि सभा होत असतात. कोथरूडच्या गांधी भवनात आणि नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात वेगवेगळ्या संघटनांचे कार्यक्रम होतात. मार्केट यार्डातलं हमाल भवन कष्टकऱ्यांच्या चळवळींचं घरच आहे. स्त्रियांच्या प्रश्नावर नारी समता मंच, अंधश्रद्धा आणि जातपंचायतींच्या बहिष्काराच्या प्रश्नावर अंधश्रद्धा निर्मूलन समिती, शहरातली वाहतूक आणि पादचाऱ्यांच्या हक्कांवर ‘परिसर’, तरुणांसाठी ‘लोकायत’. यातल्या एखाद्या ठिकाणी सलग दोन-तीन कार्यक्रमांना जा. व्याख्यान संपल्यावर लगेच निघू नका. खुर्च्या आवरणाऱ्या माणसाशी बोला, कारण पुढच्या बैठकीची जागा आणि वेळ त्यालाच नक्की माहीत असते.

वर्षातले काही दिवस असे असतात की एरवी विखुरलेली माणसं एकत्र भेटतात. ३ जानेवारी आणि ११ एप्रिलला फुले वाडा, १४ एप्रिलला स्टेशनजवळचा बाबासाहेबांचा पुतळा, ८ मार्च, १ मे, २० ऑगस्ट, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन. एकट्याने जायला संकोच वाटणाऱ्याला हे दिवस सोयीचे आहेत. गर्दीत कुणी कुणाला ‘तुम्ही कोण’ असं विचारत नाही.

पहिल्या बैठकीत

पहिल्या तीन बैठकांमध्ये बोलायचं कमी. वही न्यायची. कोण कोणत्या वस्तीतून आलं आहे, कोण निर्णय घेतं, ज्यांचा प्रश्न आहे ते लोक खोलीत आहेत का आणि ते बोलतात का, हे पाहायचं. ज्या संघटनेत कामगारांच्या बैठकीत फक्त प्राध्यापक बोलतात, तिथे थोडं जपून. जिथे रेशन कार्ड अडलेली बाई मध्येच उठून ‘तुमचं राहू द्या, आधी माझं ऐका’ म्हणू शकते आणि तिचं ऐकलं जातं, तिथे थांबा.

मग विचारा, ‘मला काय काम देता?’ बहुधा सतरंज्या उचलण्याचंच काम मिळेल. ते आनंदाने करा. माझ्या माहितीतले चांगले कार्यकर्ते सगळे त्याच वाटेने आले आहेत. हळूहळू तुमच्या हातचं कौशल्य कामी येऊ लागतं. मराठी टंकलेखन येत असेल तर निवेदनं, हिशेब येत असेल तर जमाखर्च, कायद्याचं शिक्षण असेल तर अर्ज. वस्तीतल्या मुलांचा शिक्षण हक्क कायद्याखालचा पंचवीस टक्के राखीव जागांचा अर्ज ऑनलाइन भरून देणं हे एका संध्याकाळचं काम असतं, आणि त्या घराशी जुळलेलं नातं पुढे वर्षानुवर्षं टिकतं.

बैठकीची वेळ कुणाच्या सोयीने ठरते, तेही पाहा. घरकामगार स्त्रियांना दुपारी दोन ते चारमध्येच काय ती उसंत मिळते. रात्री आठची बैठक ठेवली की त्या आपोआप वगळल्या जातात, मग भाषणात समतेचा कितीही उच्चार होवो. बैठकीत लहान मुलांना कुणीतरी सांभाळायला हवं आणि ते काम पुरुषांनी अंगावर घ्यायला हवं.

आणखी एक. चळवळीतही लैंगिक छळ होतो. दहा किंवा अधिक लोक काम करत असलेल्या संस्थेत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. संस्थेत जाताना ती आहे का, हे विचारा. विचारल्यावर कुणाचा चेहरा पडला तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

हा प्रश्न कुणाच्या हद्दीत येतो?

अर्धी लढाई चुकीच्या दारात उभं राहिल्यामुळे हरली जाते. पुणे महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. भवानी पेठ, कसबा-विश्रामबागवाडा, येरवडा-कळस-धानोरी, हडपसर-मुंढवा वगैरे. तुमची वस्ती कोणत्या कार्यालयाखाली येते, तिथले सहायक आयुक्त कोण, आरोग्य निरीक्षक कोण, तुमची आरोग्य कोठी (सफाई खात्याची स्थानिक चौकी) कुठे आहे, हे आधी लिहून काढा. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका. कॅम्प आणि खडकीत कटक मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड. झोपडपट्टी पुनर्वसनाचा विषय असेल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. जमीन सरकारी असेल तर जिल्हाधिकारी. वेतनाचा प्रश्न शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात.

पुण्याला एक मोठा फायदा आहे. समाजकल्याण, शिक्षण, महिला व बालविकास, साखर अशी राज्याची कितीतरी आयुक्तालयं याच शहरात आहेत. बीडच्या ऊसतोड कामगाराला किंवा नंदुरबारच्या शाळेतल्या मुलीच्या पालकांना पुण्यात येऊन फेऱ्या मारणं परवडत नाही. पुण्यात राहणाऱ्या कार्यकर्त्याने त्यांच्या वतीने कागद नेऊन देणं, पुढच्या आठवड्यात जाऊन चौकशी करणं, हीदेखील मोठी मदत आहे. गावाकडच्या संघटनांना अशा माणसाची फार गरज असते.

जून २०२१ मध्ये आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीत घरं पाडायला सुरुवात झाली, तेव्हा ही माहिती किती मोलाची आहे ते दिसलं. जेसीबी दारात उभा असताना नोटीस कोणी काढली, कोणत्या कायद्याखाली, घर पात्र की अपात्र, पर्यायी जागेचा कागद आहे का, हे कुणाला तरी तोंडपाठ असावं लागतं. त्याच दिवशी न्यायालयाकडून स्थगिती मिळाली. कागद तयार नसते तर कोर्टात उभं कशाच्या जोरावर राहणार? म्हणून वस्तीत काम करणाऱ्याने फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), वीजबिल, मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड यांच्या प्रती शांत काळातच गोळा करून ठेवाव्यात.

निवेदन आणि पोच

नव्या माणसाला निवेदन म्हणजे भावनांना वाट करून देण्याची जागा वाटते. लांबच लांब निवेदन कुणी वाचत नाही. एका पानात बसवा. वर ‘प्रति’मध्ये अधिकाऱ्याचं पद, खाली विषय, आधी पत्रव्यवहार झाला असेल तर संदर्भ, मग मजकूर. मजकुरात तीनच गोष्टी. काय झालं आहे, केव्हापासून आहे, आणि आम्हाला नेमकं काय हवं आहे व किती दिवसांत. उदाहरणार्थ :

‘आमच्या वस्तीतील सार्वजनिक शौचालयाच्या बारा दरवाजांपैकी सात तुटलेले आहेत. स्त्रियांच्या बाजूला दिवा नाही. याबाबत दि. … रोजी आरोग्य कोठीवर तोंडी तक्रार केली आहे. दरवाजे व दिवे पंधरा दिवसांत बसवावेत आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी द्यावी, ही विनंती.’

बारापैकी सात, हे तिथे जाऊन मोजलेलं असलं पाहिजे. ‘शौचालयाची दुरवस्था झाली आहे’ या वाक्यावर अधिकारी ‘बघतो’ म्हणतो. सात दरवाजे म्हटलं की त्याला मुकादमाला पाठवावं लागतं. सोबत तारखेसह फोटो जोडा, वस्तीतल्या लोकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, आणि नाव-पत्ता सुवाच्य लिहा. स्त्रियांच्या शौचालयाचं निवेदन असेल तर ते स्त्रियांनीच द्यावं, तुम्ही मागे उभं राहावं. सह्यांसाठी दारोदार फिरताना चहा घ्या, गप्पा मारा. निवेदनाचं निम्मं यश त्या फेरीत आहे.

दोन प्रती न्यायच्या. एक तिथे द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. आवक-जावक किंवा टपाल कक्षात कागद दिला की शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक मागायचा. ‘साहेब आल्यावर या’, ‘कागद ठेवून जा, शिक्का नंतर’ असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. आवाज चढवू नका. ‘टपालात घेऊन पोच द्या, साहेबांना आम्ही नंतर भेटतो’ एवढंच म्हणा आणि तिथेच उभे राहा. काउंटरवरची बाईही दिवसभर लोकांचा राग झेलत असते. तिच्याशी नीट वागलात तर पुढच्या वेळी फाईल कोणत्या टेबलावर आहे ते तीच सांगते. तरीही नकार आला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजावं.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, पहिल्या निवेदनाचा आवक क्रमांक संदर्भात घालून. त्यानंतर शिष्टमंडळ. शिष्टमंडळात पाचजण पुरेत, आणि कोण काय बोलणार ते बाहेरच ठरवून आत जावं. आतमध्ये अधिकाऱ्याने जे तोंडी कबूल केलं, ते त्याच संध्याकाळी पत्राने त्यांना कळवा. ‘आज झालेल्या चर्चेत आपण मान्य केल्याप्रमाणे…’ अशी सुरुवात करा. या पत्राचीही पोच घ्या.

माहितीचा अधिकार

निवेदनाला उत्तर आलं नाही की माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ चा कायदा आहे. महाराष्ट्रात ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘शौचालय दुरुस्त का केलं नाही?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असं छापील उत्तर येतं. कागद मागा. ‘अमुक शौचालयाच्या देखभालीच्या कार्यादेशाची प्रत, गेल्या सहा महिन्यांत ठेकेदाराला अदा केलेल्या बिलांच्या प्रती, आणि त्याच काळातली तपासणीची नोंदवही.’ बिलं निघाली आहेत आणि दरवाजे तुटलेलेच आहेत, हे एकदा कागदावर आलं की पुढचं बोलणं फार सोपं होतं. प्रतींऐवजी प्रत्यक्ष फाईल पाहण्याची मागणीही करता येते, हा अधिकार कायद्याच्या कलम २ (जे) मध्येच आहे. गठ्ठाभर कागद असतील तर ती वाट बरी.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. आयोगात तारीख लागायला खूप काळ जातो, त्यामुळे सगळी भिस्त तिथे ठेवू नका. माझ्या मते पहिल्या अपिलाच्या सुनावणीचं मोल सगळ्यात जास्त आहे. तिथे माहिती अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ दोघंही समोर असतात आणि बरेच विषय तिथेच मिटतात.

रस्त्यावर उतरताना

शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. मात्र पुणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वारंवार निघतात, आणि तो लागू असताना परवानगीशिवाय पाच किंवा अधिक जण जमले तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून संबंधित पोलीस ठाण्याला आधी लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन. मोर्चा असेल तर मार्ग, ध्वनिक्षेपक असेल तर त्याची वेगळी परवानगी. अर्जाची पोच इथेही घ्यायची. ठाण्याच्या गोपनीय विभागातून फोन येतो, ‘किती लोक येणार, कोण बोलणार?’ जे खरं आहे ते शांतपणे सांगा. घाबरण्याचं कारण नाही, हे त्यांचं नेहमीचं काम आहे.

जमावात तुमच्यापैकी चारजणांनी फक्त व्यवस्था पाहावी. रस्ता अडू नये, रुग्णवाहिकेला वाट मिळावी, अनोळखी माणसाने भलतीच घोषणा दिली तर लगेच दुसरी घोषणा सुरू करावी. फलकावरची अक्षरं चौकाच्या पलीकडून वाचता आली पाहिजेत. पत्रक एका बाजूचं, साध्या मराठीत, आणि त्यावर संघटनेचं नाव हवं.

ताब्यात घेतलं तर? अटकेचं कारण सांगणं पोलिसांना बंधनकारक आहे. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. बहुतेक निदर्शनांमध्ये संध्याकाळी सोडून दिलं जातं, तरी वकिलाचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोन जमा होऊ शकतो. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. विद्यार्थ्यांनी हेही जाणून असावं की गुन्हा दाखल झाला तर पासपोर्टच्या पडताळणीत तो समोर येतो. सरकारी नोकरांना वर्तणूक नियमांची मर्यादा आहे. त्यांनी कागदपत्रं, अभ्यास, आर्थिक मदत अशी कामं पाहावीत. कुणी कुठपर्यंत जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मागे राहणाऱ्याला कमी लेखणाऱ्या गटात राहू नका.

मोहल्ल्यातली शांतता

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यासाठी माणसं सगळ्यात कमी मिळतात. जून २०१४ मध्ये समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहरात तणाव होता, आणि त्या मजकुराशी काहीही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक अभियंत्याला हडपसरमध्ये जमावाने ठार मारलं. तो नमाजाहून घरी चालला होता. असं काही घडू नये यासाठीचं काम घटनेच्या रात्री सुरू करता येत नाही.

भिवंडीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथल्या समित्यांमध्ये पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतले साधे लोक होते, ते नियमित भेटत होते, नळाच्या आणि नवरा-बायकोच्या भांडणांवरही बोलत होते. आपल्याकडे गणेशोत्सव आणि ईदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिला जरूर जा, पण वर्षातून दोनदा हार-तुरे घेण्याने ओळख होत नाही. सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानापेक्षा दोन मोहल्ल्यांनी मिळून पाण्याच्या टँकरसाठी दिलेलं निवेदन जास्त टिकाऊ काम करतं.

सुरुवात एका कागदाने करा. तुमच्या भागातल्या गणेश मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, विहारातले कार्यकर्ते, चर्चचे फादर, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांचा विश्वास असलेले डॉक्टर, रात्री उशिरापर्यंत उघडा असणारा पानवाला, पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक. प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष भेटा आणि फोन घ्या. भेटीचं निमित्त रक्तदान असो की शाळेचे दाखले.

आता अफवेची संध्याकाळ. साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येतो, ‘अमुक चौकात दगडफेक सुरू, मुलांना बाहेर सोडू नका’. पहिलं काम म्हणजे तो संदेश पुढे न पाठवणं, अगदी ‘हे खरं आहे का?’ असं विचारण्यासाठीसुद्धा. त्या चौकात राहणाऱ्या, तुमच्या कागदावरच्या माणसाला फोन लावा. ‘काय ऐकलंस’ असं विचारू नका, ‘आत्ता खिडकीतून काय दिसतंय’ असं विचारा. मग स्वतःच्या नावानिशी, वेळ घालून लिहा : ‘मी ७.४० ला चौकातल्या दुकानदाराशी बोललो. दुकानं उघडी आहेत, दोन रिक्षावाल्यांचं भांडण झालं होतं, मिटलं.’ कुणाचा धर्म, कुणाची जात, हे लिहू नका. खरंच काही घडत असेल तर ११२. भडकाऊ मजकुराचा वेळेसह स्क्रीनशॉट पोलिसांना द्या. संदेश टाकणाऱ्याला ग्रुपवर झोडपू नका. त्याला फोन करा. बहुतेकदा तो खरोखर घाबरलेला असतो आणि बोलल्यावर स्वतःच मजकूर काढून टाकतो.

मोठ्या पातळीवरही समजूतदारपणा दिसतो, तो लोकांना सांगायला हवा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक आपणहून पुढे ढकलली. त्या निर्णयामागे कितीतरी दिवसांच्या घरगुती बैठका असतात आणि त्यांची बातमी होत नाही.

शांततेच्या नावाखाली अन्याय मिटवून टाकायचा दबाव आला तर मात्र ठाम राहा. जातीय अत्याचाराच्या घटनेत ‘गावात शांतता राहू द्या, तडजोड करा’ असं पीडित कुटुंबाला हमखास सांगितलं जातं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवून घेणं पोलिसांचं कर्तव्य आहे, तपास सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि कुटुंबाला शासकीय अर्थसाहाय्य मिळतं. हेल्पलाइन १४५६६. कुटुंबासोबत ठाण्यात जाणं, रात्रभर बसावं लागलं तर बसणं, एवढं केलंत तरी पुष्कळ केलंत.

पैसा आणि वेळ

वर्गणी द्या, पावती घ्या, वार्षिक हिशेब मागा. गटाचा पैसा एका माणसाच्या खात्यावर कधीही गोळा करू नका. दोन सह्यांचं खातं हवं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाने पैसे देऊ केले तर परकीय देणगीची नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. पूर्णवेळ कार्यकर्त्याचं घर कसं चालतं, याचा विचार महाराष्ट्रात झाला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन दिलं जातं. तुम्ही स्वतः वेळ देऊ शकत नसाल तर एखाद्या कार्यकर्त्याच्या प्रवासखर्चाची जबाबदारी महिनोन्महिने घ्या.

नोकरदाराने आठवड्याची तीन तासांची एक वेळ ठरवावी आणि ती वर्षभर मोडू नये. परीक्षेचा, बाळंतपणाचा, आईच्या आजारपणाचा काळ असेल तर तसं स्पष्ट सांगून थांबावं, आणि नंतर परत यावं. न सांगता गायब होणारा माणूस चळवळीला सगळ्यात महाग पडतो, कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी साहेबांची वेळ घेतलेली असते.

म्हणूनच कोणतंही काम एकट्याच्या डोक्यात राहू देऊ नका. प्रत्येक प्रश्नाची एक फाईल करा. पहिल्या पानावर तारीखवार नोंद, मागे निवेदनं, पोच, माहिती अधिकाराची उत्तरं, फोटो, अधिकाऱ्यांची पदं आणि दूरध्वनी. तिची एक प्रत वस्तीतल्या कुणाच्या तरी घरी राहू द्या. दुसऱ्या वर्षी कार्यालयात जाताना वस्तीतली एखादी मुलगी सोबत न्या, आणि टपाल कक्षातली पोच तिला मागू द्या.